ठासणीची रायफल, तेरा बार आणि नळीतली काजळी

मागच्या रविवारी, १२ ऑक्टोबर २०२५ ला, सलग तेरा बार काढले आणि एकही गोळी नळीत अडकली नाही. यात काय एवढं असं ज्यांना वाटतंय त्यांनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि गोळी ठासायची बंदूक कधी भरलेली नाही हे नक्की. मला इथवर यायला दोन वर्षं लागली, त्यातलं पहिलं कागदपत्रांत गेलं आणि दुसरं काजळीत. कागदपत्रांची माहिती शोधली की सापडते. काजळीबद्दल मात्र दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि सगळे छातीठोकपणे सांगतात, म्हणून माझ्या बाबतीत जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवतोय. इंग्लंडात राहून कोणाला हा उद्योग करायचा असेल तर उपयोग होईल, बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचा.

आधी हे खूळ आलं कुठून ते. आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात. माजघरात खुंटीला आजोबांची ठासणीची बंदूक असायची, शेतीसंरक्षणाचा परवाना, माकडं नि डुकरं पळवायला. आजोबा गेल्यावर परवाना काकांच्या नावावर झाला. मे महिन्यात गेलो की काका आगरात उभे राहून एखादा बार काढायचे, नुसती दारू, गोळी नाही, आणि आम्ही पोरं कानात बोटं घालून पडवीत. हात लावायला कधी मिळाला नाही. ती हौस मग चाळिशीत सरे परगण्यात फिटली.

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑफिसातल्या एकाने बिस्लीला नेलं, क्लबाचा पाहुण्यांचा दिवस होता. बिस्ली म्हणजे इथली नेमबाजीची पंढरी, १८९० साली स्पर्धा विम्बल्डनहून इथे आल्या त्या आजतागायत चालू आहेत. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजोबांनी माझ्या हातात एन्फिल्ड दिली. १८५३ च्या पॅटर्नची, नळीच ३९ इंच, उभी केली तर माझ्या खांद्याला लागते. मी विचारलं ही तीच का, चरबीच्या काडतुसांची? ते म्हणाले तीच. शाळेच्या पुस्तकातली वस्तू अशी हातात येते तेव्हा काय होतं ते सांगता येत नाही, मी एकच बार काढला, धुरात पुढचं टार्गेट दिसेनासं झालं, आणि त्याच संध्याकाळी क्लबाचा फॉर्म मागवला.

कागदपत्रं थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ ला क्लबात प्रोबेशनर, म्हणजे उमेदवार सभासद, म्हणून नाव घातलं. प्रोबेशन कमीत कमी तीन महिने असतं, माझं चार महिने चाललं कारण मध्ये भारतात जाऊन आलो. फेब्रुवारी २०२४ ला पोलिसांकडे परवान्याचा अर्ज, फॉर्म २०१, भरला, आपली हमी देणारे दोन रेफरी, फोटो, आणि डॉक्टरचं पत्र. डॉक्टरच्या पत्राला साठ पाउंड आणि पाच आठवडे लागले, त्यामुळे ते सगळ्यात आधी मागून ठेवा. फायरआर्म सर्टिफिकेटची, म्हणजे या परवान्याची, फी तेव्हा ८८ पाउंड होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १९८ झाली, म्हणजे मी सुटलो. नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, असलेली ठासणीची रायफल, मग ती काल बनवलेली असो की दीडशे वर्षं जुनी, झाडायची असेल तर हे सर्टिफिकेट लागतंच. जुनी असेल आणि नुसती भिंतीवर लावायची असेल तर गोष्ट वेगळी.

आणि याच्याच जोडीने स्फोटकांच्या सर्टिफिकेटचाही अर्ज करायचा, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. काळी दारू इथे कायद्याने स्फोटक आहे. रायफल मिळाली आणि दारू विकत घेता येत नाही म्हणून तीन-तीन महिने हात चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हे सर्टिफिकेट फुकट मिळतं. सोबत हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेचा आरसीए नावाचा एक कागद लागतो, तोही फुकट. दारू ठेवायला लाकडी पेटी लागते, मी १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची घरीच ठोकली. लोखंडी कपाटात ठेवली आणि कधी आग लागलीच तर कपाटाचाच बॉम्ब होतो, लाकडी पेटी आपली उघडते नि जळते.

जुलैत पोलिसांचा माणूस घरी आला. बंदुकीचं कपाट भिंतीला नीट बोल्ट केलंय का ते ओढून बघितलं, किल्ली कुठे असते विचारलं, मग विचारलं की ठासणीचीच का? मी भाबडेपणाने म्हटलं, अठराशे सत्तावनमुळे. तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला. मग मी घाईघाईने इतिहासाची आवड, टार्गेट शूटिंग वगैरे बोललो. असं करू नका, सरळ टार्गेट शूटिंग म्हणा. सर्टिफिकेट सप्टेंबरात आलं, घरात गणपती बसलेले होते, बायको म्हणाली मागितलं असतंस तर बाप्पाने याहून चांगलं काहीतरी दिलं असतं.

रायफल सेकंडहँड घेतली, पार्कर-हेल कंपनीची, बर्मिंगहॅमला बनलेली एन्फिल्डची प्रतिकृती, ५२० पाउंड. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, आत तीन आटे. घेताना टॉर्च टाकून आत बघा, मला विकणाऱ्यानेच बघायला लावलं. गंजाचे खड्डे असतील तर पुढचं सगळं लिहिलेलं विसरा, खड्ड्यात काजळी बसली की ती काढता काढता नाकी नऊ येतात.

पहिला दिवस १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, आणि नेमका दसरा. सकाळी रायफलीची पूजा केली, दस्त्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल घोड्यावर ठेवलं. तिकडे काकांनी पण आपल्या बंदुकीची पूजा करून फोटो पाठवला होता. मग बिस्ली.

भरायची पद्धत आधी सांगतो म्हणजे काजळी कुठे आडवी येते ते कळेल. आदल्या रात्रीच दारू मोजून एकेका छोट्या नळकांडीत भरून न्यायची, रेंजवर डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, कारण आत एखादा निखारा राहिला असेल तर हातातला अख्खा डबा उडेल. माझं माप ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमला जरा कमी. केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी, ती नळीच्या मागच्या टोकाला निपल नावाच्या भोक असलेल्या बोंडावर बसते. पहिल्या बाराआधी नुसत्या दोन केपा उडवायच्या, नळीचं तोंड गवताजवळ धरून. गवताचं पातं हललं तर निपलपासून तोंडापर्यंतची वाट मोकळी आहे. मग दारू, मग गोळी, मग गजाने गोळी खाली दाबत दारूवर नेऊन बसवायची, आणि सगळ्यात शेवटी, नेमबाजीच्या जागेवर उभं राहून, केप.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळीला फुगवटा येतो, किंवा त्याहून वाईट होतं. म्हणून गजावर दोन खुणा करायच्या, एक नळी रिकामी असतानाची आणि एक बरोबर भरलेली असतानाची. मी इलेक्ट्रिशियनची लाल टेप गुंडाळली आहे. दर वेळी टेप नळीच्या तोंडाला आली का बघायचं. इतकी साधी गोष्ट आहे, पण याच टेपने पुढे मला वाचवलं.

त्या दिवशी हवा दमट होती, ढगाळ, दहा-अकरा डिग्री. बारा बार काढले. पहिल्या तीन गोळ्या गजाच्या वजनानेच खाली गेल्या, सातव्या-आठव्यापासून जरा रेटावं लागलं, बस. मला वाटलं लोक उगाच बाऊ करतात. धुराचा वास कपड्यांना घेऊन खूश होऊन घरी आलो, संध्याकाळी मित्राकडे दसऱ्याचं जेवण होतं, तिकडे गेलो. नळीत तेलाची चिंधी फिरवून ठेवली होती, म्हटलं उद्या नीट बघू.

उद्या नळीत नारिंगी रंग. एका रात्रीत.

काकांना फोन लावला. काका म्हणाले, "कशाने पुसलीस?"

"तेलाने, काका."

"अरे मिठाला तेल लावून काय उपयोग? पाणी घाल आधी. आमच्याकडे आपण गरम पाणी ओततो, मग सुकवतो, मग तेल. तुला लहानपणी दिसलं नाही होय ते?"

दिसलं होतं, मी फक्त बाराकडे बघत होतो.

मीठ हा शब्द त्यांनी सहज वापरला पण तो अगदी बरोबर आहे. काळी दारू म्हणजे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. आजकालची बिनधुराची दारू जळून जवळजवळ सगळी वायू होते, ही होत नाही. जळल्यावर हिचं निम्म्याहून जास्त वजन घनच राहतं, त्यातलं काही पांढरा धूर बनून बाहेर जातं आणि बाकीचं नळीला आतून लेपासारखं बसतं. त्यात कोळशाची काजळी थोडी, आणि पोटॅशियमचे क्षार बरेच, कार्बोनेट, सल्फेट, सल्फाईड. म्हणजे दिसायला काजळी, गुणाने मीठ. हवेतली ओल ओढून घेतं म्हणून गंज, आणि पाण्यात विरघळतं म्हणून पाणी. तेल, रॉकेल, महागडे स्प्रे यांच्यात ते विरघळत नाही, उलट खनिज तेल आणि काजळी मिळून डांबरासारखं काहीतरी चिकट तयार होतं. या एका गोष्टीवर माझे तेवीस पाउंड स्प्रेमध्ये गेले आहेत.

तेव्हापासूनची माझी धुण्याची पद्धत: निपल काढायचं, त्याच्या जागी आटे असलेली एक बारीक तोटी बसते, तिला प्लॅस्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक बादलीत. बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. गजाला चिंधी लावून वरखाली केलं की सायकलच्या पंपासारखं पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. पहिली बादली शाईसारखी काळी होते. दुसरी राखाडी. तिसऱ्या वेळेला नुसतं पाणी. उकळतं पाणी लोक सांगतात, मी पण केलं होतं, गरम नळी पटकन सुकते हे खरं पण सुकता सुकताच तिच्यावर गंजाची साय धरते, कोमटच बरं. मग कोरड्या चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत, मग तेल. आणि दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी, हे विसरायचं नाही, कारण पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलेली नळी दुसऱ्या दिवशी हमखास काहीतरी तपकिरी देते.

हे सगळं बाथरूममध्ये चालतं. पहिल्यांदा केलं तेव्हा बायकोने बाहेरून विचारलं, "पाणीपुरीचं पाणी करतोयस का आत?" खरंच, बादलीला डिट्टो काळ्या मिठाचा वास. दोन्हीकडे सल्फाईडच. इथले लोक म्हणतात सडक्या अंड्याचा वास, पण आपल्याला काळं मीठ आठवतं यात मला जरा बरं वाटलं.

नोव्हेंबरात काकांना परत फोन केला तर त्यांची बंदूक पोलीस स्टेशनात जमा होती, विधानसभेची निवडणूक. ते म्हणाले जमा करायच्या आधी नळीत खोबरेल ओतून तोंडाला लाकडाचं बूच मारतो, मग महिना राहू दे की दोन महिने. हे ऐकून मी खोबरेलाच्या प्रेमात पडलो आणि तिथेच पुढचा घोळ झाला.

घोळ सांगायच्या आधी गोळीबद्दल. एन्फिल्डला मिनी नावाची गोळी लागते, मिनी म्हणजे लहान नव्हे, क्लोद मिनिए नावाचा फ्रेंच लष्करी अधिकारी होता त्याच्या नावावरून. शिशाची, टोकदार, बुडाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक असते म्हणून भरताना सहज खाली जाते, बार उडाला की मागची पोकळी फुगून आट्यांमध्ये घट्ट बसते. म्हणजे काजळी असतानाही भरता यावी म्हणूनच तर ही गोळी काढली. तिच्या अंगावर दोन-तीन खाचा असतात, त्या खाचांत वंगण भरायचं. वंगणाचं गोळी सरकवणं हे काम दुय्यम आहे, खरं काम काजळी मऊ ठेवणं, म्हणजे पुढची गोळी जाताना मागची काजळी पुसत जाते.

क्लबातले आजोबा मेण आणि गाईबैलांची चरबी वितळवून हे वंगण करतात आणि त्यांनी मला एक डबी देऊ केली. मी घरी न्यायला कचरलो, मी काही फार सोवळा नाही पण डिसेंबरात आई येणार होती. आजोबा हसले आणि म्हणाले, हे आधी एकदा झालेलं आहे.

आणि तेव्हा, त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेत आपण शिकलो की काडतुसाला गाईची नि डुकराची चरबी होती आणि ते दातांनी तोडायचं होतं. चरबी लावायचीच कशाला, हे ना पुस्तकात होतं ना आम्ही कधी विचारलं. ती याच्यासाठी होती. या काजळीसाठी. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दारूच्या बाजूने दातांनी फाडायची, दारू ओतायची आणि पुडीचं गोळीकडचं टोक कागदासकट, चरबीसकट नळीत ठासायचं. चरबी नसेल तर पंधरा-वीस बारांनंतर शिपायाच्या हातात नुसती लाठी. सरकारला हे ठाऊक होतं, कशाची चरबी याकडे मात्र कोणी नीट लक्ष दिलं नाही. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली तेव्हा मग सांगितलं की शिपायांनी आपलं आपण मेण-तेल लावावं, पुढे दातांऐवजी हाताने फाडायचीही मुभा दिली, पण तोवर विश्वास उडालेला होता, आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. नंतर इंग्रजांनी गोळीचा व्यासही ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणला, म्हणजे काजळीने भरलेल्या नळीतूनही जावी. तर ही गोष्ट अशी दोन्ही बाजूंनी काजळीभोवती फिरते.

असो. मी शाकाहारी वंगण करायचं ठरवलं. चॅरिटी शॉपमधून दोन पाउंडाचं पातेलं आणलं, घरच्या कढईला हात लावायची बंदी होती. एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन भाग खोबरेल, पातेलं गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. गोळ्या खाचांपर्यंत बुडवून कागदावर उभ्या करून ठेवल्या. नोव्हेंबर ते एप्रिल हे वंगण झकास चाललं, पंधरा बारांपर्यंत त्रास नाही, वासही छान. मी चार जणांना रेसिपी देऊन मोकळा झालो.

२१ जून २०२५, शनिवार, ३२ डिग्री. पहिल्या पाच गोळ्या ठीक गेल्या. सहाव्या गोळीला मी डबी उघडली तर गोळ्या कोरड्या आणि डबीच्या तळाशी तेल. खोबरेल पंचविशीच्या आसपास पातळ होतं हे ज्याला लहानपणी थंडीत बाटली उन्हात ठेवायला लागायची त्याला मी सांगायला नको, आणि तरी मी विसरलो. म्हटलं चार-पाच बार राहिलेत, काढून टाकू. सातवा रेटून. आठवा फार रेटून. कोरड्या हवेत काजळी मऊ राहत नाही, बिस्किटासारखी कडक होते, गज मागे घेताना आतून करकर आवाज येत होता तो मी ऐकला आणि सोडून दिला. नववी गोळी वीतभर आधीच थांबली. गजावरची लाल टेप नळीच्या तोंडाच्या वर दिसत होती आणि गज हलेना, ना खाली ना गोळी वर.

पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगतो, कारण सगळ्यांच्या मनात तेच येतं. उडवून टाकू, निघेल. तेच करायचं नाही. खाली दारू, वर पोकळी, त्याच्यावर अडकलेली गोळी. दुसरं मनात येतं ते गज ठोकणं, तेही नाही, खाली जिवंत दारू आहे आणि आपला हात नळीच्या तोंडावर. मी गज सोडला, नळी टार्गेटकडे ठेवून हात वर केला आणि रेंज ऑफिसरला बोलावलं. लाज वाटली, पण तो अगदी शांतपणे आला, म्हणाला आज तू तिसरा.

त्याने नळीच्या तोंडातून कपभर पाणी ओतलं आणि दहा मिनिटं थांबायला लावलं. पाण्याने दोन कामं होतात, दारू मरते आणि गोळीभोवतीची काजळी सुटते. मग सोडा मशीनला असते तसली गॅसची छोटी कॅप्सूल लावलेलं एक हत्यार निपलवर दाबलं, फुस्स असा आवाज झाला आणि गोळी तीन-चार फुटांवर गवतात जाऊन पडली, मागून काळा चिखल. हा खरा फुसका बार. ते हत्यार तीस-पस्तीस पाउंडाला मिळतं, क्लबात असतंच, पण मी स्वतःचं घेतलं.

त्या रात्री गोळीचं वंगण आणि दोन बारांमधलं पुसणं, दोन्ही परत पहिल्यापासून सुरू केलं. वंगणाचं उत्तर शेवटी घरातच सापडलं. घरचं कढवलेलं साजूक तूप आणि मेण, अर्धं-अर्धं. तुपात मीठ नाही, पाणी नाही, म्हणून गंजाची भीती नाही, फक्त लोण्यापासून कढवताना बेरी नीट गाळून घ्या. तयार गोळ्या भर दुपारी खिडकीत उन्हात दोन तास ठेवून बघितल्या, बोटाला चिकटल्या पण ओघळल्या नाहीत. थंडीत हे जरा कडक होतं, तेव्हा मेण कमी करायचं. बायकोचा आक्षेप तुपाच्या किमतीवर होता आणि तो रास्त आहे.

पुसण्याचं मात्र शिकायला पूर्ण उन्हाळा गेला. जुन्या बनियनचे दीड इंची चौकोन कापले, नवीन कॉटनपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन चांगलं. गजाला पितळेचं खाचा असलेलं टोक लावायचं, त्यावर चिंधी. मी सुरुवातीला चिंधी ओलीचिंब करायचो, जास्त पाणी जास्त स्वच्छ असं डोक्यात. जुलैत त्या नादात सलग तीन केपा फुकट गेल्या, केप उडतेय आणि बार नाही. नळी टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिराही उडू शकतो, आणि मग परत केप, परत नुसतं टक. कारण असं की ओली चिंधी खाली जाताना काजळीचं काळं पीठ ढकलत ढकलत निपलच्या भोकात नेऊन भरते. आता चिंधी भिजवून मुठीत अशी पिळतो की हाताला दमट लागेल पण गालाला लावली तर पाणी उमटणार नाही. खाली एकदाच, सावकाश, तळाला टेकली की चतकोर वळवायची आणि वर. वरखाली वरखाली नाही. मग एक कोरडी. मग रिकाम्या नळीवर एक केप उडवून वाट मोकळी करायची, आणि मगच दारू. दारू ओतल्यावर चिंधी आत घालायची नाही हे सांगायला नको, पण मी एकदा घालता घालता थांबलो आहे, गप्पा मारत होतो. दमट चिंधीचा आणखी एक फायदा, आत निखारा राहिला असेल तर तो विझतो.

किती बारांनी पुसायचं? लोक म्हणतात प्रत्येक बारानंतर, लोक म्हणतात दहानंतर. माझं मत, हाताला विचारा. गज खाली जाताना जिथे अडखळतो ती जागा बहुतेक एकच असते, गोळी बसते त्याच्या जरा वर, तिथे काजळीचं कडं तयार होतं. ते बोटांना जाणवलं की त्या बारानंतर पुसायचं. दमट दिवशी मला सहा-सात बार मिळतात, उन्हात तीन. शिवाय दर वेळी सारखी काजळी असेल तर गोळ्याही सारख्या लागतात, माझं आधीचं टार्गेट बघितलं तर पहिल्या चार गोळ्या एकत्र आणि मग हळूहळू वर सरकत गेलेल्या, मी श्वासाला दोष देत होतो.

काळ्या दारूऐवजी वापरतात त्या पायरोडेक्स नावाच्या दारूबद्दल कोणीतरी विचारेलच. तिला इथे स्फोटकांचं सर्टिफिकेट लागत नाही म्हणून बरेच जण तिच्याकडे वळतात. मी क्लबातल्या एकाची वापरून बघितली, पण धुवावं तेवढंच लागतं आणि गंजही तेवढाच, त्यामुळे मी परत काळ्या दारूवर.

आणि मग मागचा रविवार. क्लबाची मिनी स्पर्धा, अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले चांगले दहा धरतात. बारीक पाऊस येऊन गेलेला. मी घड्याळ समोर ठेवलं होतं, चिंध्या दोन डब्यांत, दमट डावीकडे, कोरड्या उजवीकडे. चौथ्यानंतर पुसलं, आठव्यानंतर पुसलं, अकराव्याला गज जरा अडखळला म्हणून परत पुसलं. तेरावा बार झाला तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. नंबर विचारू नका, खालून मोजलेला लवकर सापडेल. आजोबांनी माझी वंगणाची डबी उघडून वास घेतला, म्हणाले हे खाता येतं का? म्हटलं, मेण नसतं तर पोळीला लावलं असतं.

घरी येऊन आधी बादली, मग चहा. काल दुसऱ्या दिवसाची चिंधी फिरवली, टोकाला थोडं तपकिरी आलं, परत पाणी, परत तेल. काकांना व्हिडिओ पाठवला होता, त्यांनी बार-बिर काही बघितलं नाही, एवढंच विचारलं की निपल काढून आतून पुसलंस का. नव्हतं पुसलं. आता जातोय.